अधांतरी पाळण्यातील ती रात्र

सैनिकाची कसोटी केवळ रणांगणावरच लागते असे नाही. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे रज्जुमार्गाची एक तार तुटली आणि प्रवाशांनी भरलेला पाळणा खोल दरीवर अधांतरी लटकत राहिला. भयाने उडी घेतलेला परिचर प्राणास मुकला.

दुसऱ्या दिवशी सरसावा तळावरील १५२ हेलिकॉप्टर युनिटचे ग्रुप कॅप्टन फली मेजर यांनी आपले एमआय-१७ पाळण्यावर स्थिर धरले. पाते तारेला लागते, तर सर्वनाशच ओढवला असता. पात्यांच्या वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाळण्याच्या छतावर छत्रीधारी दलाचे मेजर इव्हान क्रॅस्टो दोराने उतरले. एकेका प्रवाशाला पट्ट्यात बांधून त्यांनी वर पाठविले. अंधार पडला, काम थांबले. उरलेल्यांना धीर देत क्रॅस्टो यांनी ती रात्र पाळण्यातच काढली. सकाळी उरलेलेही सुखरूप सुटले. दहा प्राण वाचले.

क्रॅस्टो यांना कीर्तिचक्र लाभले. फली मेजर २००७ मध्ये वायुदलप्रमुख झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक.

संकटग्रस्ताला वर काढणे हे कौशल्य. त्याची पाळी येईपर्यंत त्याच्यापाशी थांबणे, ही सेवा.