समाजशास्त्राची पदवी कोठें घ्यावी ?

(मालेगांव, जि. वाशीम येथें पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर एकच प्रश्न निघतो : पोराला पुढें कोठें घालावें ? ज्यांच्या मुलामुलींना समाजशास्त्र शिकावयाचें आहे, त्या आईबापांशीं आज मला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

हें शास्त्र आहे तरी काय ? जात कशी टिकते, जमिनीचे वांटे कसे पडतात, सोयाबीनचा भाव पडला म्हणजे कोणाच्या लेकीची शाळा सुटते, ह्यांचीं कारणें पुराव्यानिशीं शोधणें, हें त्याचें काम. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१६ सालीं तेथें त्यांनीं जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जें लहानपणापासून सोसलें, त्याचीच त्यांनीं तेथें चिकित्सा केली. तेव्हां हें शास्त्र आपल्या मुलांना परकें नाहीं.

आतां मुद्याची गोष्ट. विद्यापीठाचें नांव मोठें, एवढ्यासाठीं शेत गहाण टाकूं नका. मुंबई विद्यापीठांत ह्या विषयाचा विभाग १९१९ सालीं पॅट्रिक गेडीस यांनीं काढला; पुढें १९२४ पासून डॉ. घुर्ये यांनीं तो नांवारूपास आणला. पण तो मुख्यत्वें एम्. ए. व संशोधनासाठीं आहे. बी. ए.साठीं मुंबईस गेलेला मुलगा बहुधा एखाद्या संलग्न कॉलेजांतच बसणार. पुण्याची व अमरावतीची गोष्ट तीच. प्रमाणपत्रावर नांव विद्यापीठाचें; शिकवितें तें कॉलेज. म्हणून बी. ए.पुरतें तरी आधीं कॉलेज पारखा.

वऱ्हाडचीं कॉलेजें पूर्वीं नागपूर विद्यापीठाखालीं होतीं. १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ झालें. आज त्यास संत गाडगेबाबांचें नांव आहे. वाशीमचीं कॉलेजें त्यालाच जोडलेलीं. तेथें मराठींतून उत्तरें लिहितां येतात, एस्. टी.नें जाऊन येऊन शिकतां येतें. ज्याला शेत सोडतां येत नाहीं त्याच्यासाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

कॉलेजांत गेल्यावर भीड न धरतां विचारा : ह्या विषयास कायमचा शिक्षक आहे काय ? ग्रंथालयांत पुस्तकें आहेत काय ? मुलांना गांवांत नेऊन पाहणी करवितात काय ? वसतिगृहांत जागा आहे काय, आणि खाणावळीस महिना किती पडतो ? नव्या खाजगी विद्यापीठाची जाहिरात पाहिली, तर त्याचें नांव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादींत आहे कीं नाहीं, तें पाहिल्याशिवाय पैसा भरूं नका. शिष्यवृत्तीसाठीं जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधींच काढून ठेवा. मुदत टळली म्हणजे हात चोळीत बसावें लागतें.

बी. ए. झाल्यावर मात्र मोठ्या ठिकाणाची हिंमत धरावी. मुंबई, पुणें, किंवा १९३६ सालीं स्थापन झालेली मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, हीं तेव्हांचीं ठिकाणें. तेथें इंग्रजीवांचून अडतें. म्हणून बी. ए.च्या वर्षांत रोज एक पान इंग्रजी वाचण्याचा नेम मुलांना लावा.

शेवटीं एक विनंती. मुलाला पुणें आणि मुलीला चूल, असा वांटा घरांत करूं नका. चुलीपाशीं बसून जिनें घर पाहिलें आहे, तिला ह्या शास्त्रांत सांगण्यासारखें पुष्कळ आहे. तिचाही अर्ज ह्याच आठवड्यांत भरा.