विलायतेंतील गांवकौन्सिलें आणि मताची किंमत

(खेड्यांतील वाचनालयाच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून कांहींजण म्हणतील कीं, आमच्या विहिरीनें तळ गांठला, बियाण्याचा भाव कडाडला, आणि मास्तर आम्हांस विलायतेंतल्या निवडणुका सांगत बसले! पण ज्या इंग्रजांनीं आपल्यावर पिढ्यान् पिढ्या अंमल केला, त्यांच्या देशांतल्या हमालास, सुतारास, मोलकरणीस तरी स्वतःच्या गांवच्या कारभारांत मत केव्हां मिळालें, आणि त्या मताचें ते आज काय करतात, हें समजून घेतलें तर आपल्याच अंगणांतल्या गोष्टी नीट दिसूं लागतील, अशी माझी समजूत आहे.

विलायत म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें राजा आणि पार्लमेंट उभें राहतें. परंतु तेथील गरिबाच्या रोजच्या संसाराशीं गांवकौन्सिलाचा संबंध अधिक जवळचा आहे. दारचा कचरा नेणें, रस्त्यांतले खड्डे बुजविणें, निराधार म्हाताऱ्यांची देखभाल, पोरक्या मुलांचा सांभाळ, वाचनालयें, गरिबांसाठीं कमी भाड्याचीं घरें, हीं कौन्सिलांचीं कामें. त्यासाठीं घराच्या किंमतीच्या मानानें प्रत्येक कुटुंबावर पट्टी बसते, तिला कौन्सिल टॅक्स म्हणतात. कोठें एकच कौन्सिल सर्व कामें पाहतें. कोठें मोठ्या परगण्याचें एक आणि त्यांतल्या लहान भागाचें दुसरें, अशीं दोन असतात. पुष्कळ खेड्यांत सर्वांत खालीं पॅरिश कौन्सिल असतें, तें आपल्या ग्रामपंचायतीचें भावंड समजा.

मत देण्याची रीत साधी आहे. बहुधा मे महिन्यांतला पहिला गुरुवार. त्या दिवशीं सुट्टी नसते, म्हणून सकाळीं ७ पासून रात्रीं १० पर्यंत केंद्र उघडें असतें. तें शाळेंत, चर्चच्या दालनांत, क्वचित् दारूच्या दुकानांतही भरतें. तेथें बटण दाबावयाचें यंत्र नाहीं, बोटाला शाई नाहीं. कागदी चिठ्ठी घ्यावयाची, आडोशाला जाऊन पेन्सिलीनें नांवापुढें फुली मारावयाची, आणि चिठ्ठी पेटींत टाकावयाची. इंग्लंडांत ज्याला अधिक फुल्या तो निवडून आला. उत्तर आयर्लंडांत १९७३ पासून व स्कॉटलंडांत २००७ पासून मतदार पसंतीप्रमाणें १, २, ३ असे आंकडे घालतो, त्यामुळें लहान पक्षाच्या वाट्यालाही कांहीं जागा येतात.

आपल्यांतलीं कांहीं मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तिकडे गेलीं आहेत. त्यांच्या आईबापांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हिंदुस्थान हा राष्ट्रकुलांतला देश असल्यामुळें, तेथें राहण्याचा रीतसर परवाना असलेल्या आपल्या नागरिकास वय भरलें असल्यास यादींत नांव घालतां येतें व मत देतां येतें. वयाची अट स्कॉटलंड व वेल्स येथील कौन्सिलांसाठीं १६ वर्षें आहे. हा कांहीं कागदावरचाच हक्क नव्हे. आपले कृष्ण मेनन १९३४ पासून १९४७ पर्यंत लंडनमधील सेंट पँक्रस भागाचे कौन्सिलर होते, आणि डॉक्टर चुनीलाल कटियाल हे १९३८ सालीं फिन्सबरीचे मेयर झाले. त्याच वर्षीं तेथें कौन्सिलानें गरीब वस्तीसाठीं बांधलेला दवाखाना उघडला. त्या कामांत कटियालांचा मोठा हात होता.

आतां हें मत मिळालें कसें तें ऐका. १८३५ च्या कायद्यानें शहरांच्या कौन्सिलांस निवडणूक आली, पण मत कोणाला? घर ताब्यांत असून पट्टी भरणाऱ्या पुरुषाला. तेंही उघड. स्वतःच्या सहीची चिठ्ठी द्यावी लागे; म्हणजे मालकाला, सावकाराला कोणाचें मत कोठें गेलें तें कळावयाचेंच. ज्याच्या घरांत भाड्यानें राहावयाचें व ज्याच्या गिरणींत राबावयाचें, त्याच्या तोंडावर त्याच्या विरुद्ध मत कोण देईल? गुप्त चिठ्ठी १८७२ सालीं आली. स्वतःच्या नांवें पट्टी भरणाऱ्या एकट्या बायांस १८६९ सालीं मत मिळालें. लग्न झालेल्यांचा अडसर १८९४ च्या कायद्यानें पुष्कळसा दूर झाला. तरीही बापाच्या घरीं राहणारा मोठा मुलगा, मालकाच्या घरीं राहणारी मोलकरीण, ह्यांस पार्लमेंटचें मत मिळाल्यावरही गांवकौन्सिलाचें मत मिळालेलें नव्हतें. तें १९४५ च्या कायद्यानें मिळालें.

उत्तर आयर्लंडांत तर ही अडवणूक आणखी लांबली. तेथें १९६० च्या दशकांतही पट्टी भरणारे व त्यांच्या बायका ह्यांनाच कौन्सिलाचें मत असे, आणि कंपन्यांच्या नांवें जादा मतें असत. डेरी शहरांत कॅथॉलिक वस्ती अधिक. पण विभागांच्या सीमा अशा आखलेल्या कीं कारभार दुसऱ्यांच्याच हातीं राहावा. ह्यांतली मेख पाहा. घराशीं मत बांधलेलें, आणि घरें वांटणारें कौन्सिल. घर दिलें म्हणजे मत दिलें; म्हणून घरच द्यावयाचें नाहीं! "एका माणसाला एक मत" ही आरोळी १९६८ सालीं रस्त्यांवर घुमली, लाठ्या खाल्ल्या गेल्या, तेव्हां पुढच्या वर्षीं कायदा बदलला. तात्पर्य, मत हें कोणी ताटांत वाढून दिलेलें नाहीं.

आज तेथील लोक मत देतात तें कशाकडे पाहून? पुष्कळजण पक्षाकडे पाहून देतात. लंडनच्या सरकारवर राग असला कीं तो गांवच्या कौन्सिलरवर निघतो. बिचाऱ्यानें रस्ते चांगले ठेवले असले तरी त्याचा पक्ष नावडता झाला म्हणून तो पडतो, आणि कांहीं न करणारा वाऱ्याबरोबर निवडून येतो. खेड्यांत मात्र पक्षाबाहेरचीं ओळखीचीं माणसें अजून निवडून येतात.

पण पट्टी अंगाला झोंबली म्हणजे मतदार जागा होतो. १९८९ सालीं स्कॉटलंडांत व १९९० सालीं इंग्लंड-वेल्समध्यें थॅचर बाईंच्या सरकारनें डोईपट्टी बसविली. एका कौन्सिलाच्या हद्दींत वाड्यांतल्या सरदाराला आणि झाडूवाल्याला आकार एकच. अगदीं गरिबाला थोडी सूट, इतकेंच. लोक खवळले. १९९० च्या मे महिन्यांत त्या पक्षाला ठिकठिकाणीं मार बसला. परंतु वँड्सवर्थ व वेस्टमिन्स्टर ह्या लंडनच्या दोन भागांत पट्टी फार कमी ठेवलेली होती, तेथें तोच पक्ष भरघोस निवडून आला. म्हणजे तेथल्या मतदारानें आपली पावती पाहूनच फुली मारली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत थॅचर बाई पायउतार झाल्या, आणि १९९३ पासून डोईपट्टी जाऊन आजचा कौन्सिल टॅक्स आला.

ह्याहून जुनी व मला फार मोलाची वाटणारी गोष्ट पॉप्लरची. लंडनच्या पूर्वेकडील ही गोदीमजुरांची वस्ती. १९१९ सालीं तेथील लोकांनीं ४२ पैकीं ३९ जागांवर मजूरपक्षाचीं माणसें बसविलीं. त्यांत हातावर पोट असणारे पुष्कळ होते. बेकारांना पोसण्याचा बोजा त्या काळीं ज्या त्या भागाच्या पट्टीवर पडे. म्हणजे जेथें गरीब अधिक तेथेंच पट्टी अधिक, आणि श्रीमंतांचा भाग मोकळा! पॉप्लरच्या कौन्सिलरांनीं १९२१ सालीं लंडनच्या मोठ्या कौन्सिलाचा भरणा अडवून धरला. जॉर्ज लॅन्सबरी ह्यांच्यासह ३० कौन्सिलर तुरुंगांत गेले, त्यांत बायाही होत्या. सुमारें सहा आठवड्यांनीं ते सुटले, आणि श्रीमंत भागांनीं गरीब भागांचा बोजा वांटून घ्यावा असा कायदा झाला. लोकांनीं आपल्यांतलीं माणसें निवडलीं, आणि निवडलेलीं माणसें लोकांना विसरलीं नाहींत, तेव्हां हें घडलें.

असें असतां आज काय स्थिति आहे? कौन्सिलाची निवडणूक एकटीच असली म्हणजे तीन मतदारांतला साधारण एकच केंद्रावर जातो, दोघे घरीं बसतात. कोणी म्हणतो, पैसा लंडनचें सरकार देतें, कौन्सिलाच्या हातांत आहे काय? कोणी म्हणतो, आमच्या भागांत ठरलेला पक्षच येणार, माझ्या फुलीनें काय होतें? भाड्याच्या घरांतून वारंवार बिऱ्हाड हलविणाऱ्याचें नांव यादींतच नसतें. इंग्लंडांत २०२३ पासून केंद्रावर फोटोचा दाखला लागतो. त्या वर्षींच्या मे महिन्यांत त्यापायीं सुमारें १४,००० माणसें मत न देतां परतलीं, असें तेथील निवडणूक आयोगानेंच नोंदलें आहे. घरीं बसतात ते बहुधा तरुण, भाडेकरी व गरीब. जातात ते बहुधा म्हातारे व स्वतःच्या घराचे धनी. मग कारभारी कोणाच्या दारीं आधीं जाईल? जो मत देतो त्याच्या. वाचनालय बंद करावयाचें कीं वाहनतळ वाढवावयाचा, हें ठरतांना न आलेल्याचा शब्द कोण धरणार?

आणि एका फुलीनें काय होतें म्हणाल, तर २०१७ सालचें नॉर्थंबरलंड पाहा. तेथें साउथ ब्लाइथ भागांत दोन उमेदवारांस समसमान मतें पडलीं. कायद्याप्रमाणें चिठ्ठ्यांसारख्या काड्या ओढल्या. एकाची काडी लांब निघाली, आणि साऱ्या कौन्सिलांत दुसऱ्याच्या पक्षाचें बहुमत एका जागेनें हुकलें. त्या भागांतला एक माणूस जरी घरून निघाला असता, तरी काडीवर पाळी आली नसती.

आपलीही वाट फार निराळी नाहीं. महात्मा जोतीराव फुले १८७६ सालीं पुण्याच्या म्युनिसिपालिटींत गेले ते सरकारनें नेमलेले सभासद म्हणून. शूद्रातिशूद्रांस मत कोठें होतें? १८८२ सालीं लॉर्ड रिपनच्या ठरावानें लोकनियुक्त सभासदांची वाट मोकळी झाली, पण लोकल बोर्डांचें मत पुढें कित्येक वर्षें सारा वा कर भरणारालाच असे. राबणारा बाहेर आणि वसूल खाणारा आंत! आज प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत आहे. आतां अडसर कायद्याचा राहिलेला नाहीं, आळसाचा व भिडेचा आहे.

विलायतेकडून घ्यावयाचें तें एवढेंच घ्या. तेथील मतदारास वर्षांतून ठराविक दिवस कौन्सिलाचा हिशेब पाहण्याचा व त्यावर हरकत घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे ग्रामसभा आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्रीं कोणाची जीप येते हें पाहत बसण्यापेक्षां, ग्रामसभेंत उभे राहून विचारा: घरपट्टी किती जमली, गटारावर किती गेली, नळाचें पाणी वरच्या आळीला येतें तें खालच्या आळीला कां येत नाहीं? ज्याला उत्तर देतां येत नाहीं, तो आपल्या जातीचा असो, भावकीचा असो, कीं उधारी देणारा असो, त्याला मत देऊं नका. यादी लागली कीं आपलें, लेकीसुनांचें आणि ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्याचें नांव तींत आहे कीं नाहीं हें स्वतः पाहा. बायांनीं घरधन्याला विचारून नव्हे, आपल्या पाण्याच्या हंड्याला विचारून मत द्यावें.

पेरणीच्या दिवशीं जो शेतकरी घरीं निजला, त्यानें सुगीच्या दिवशीं दुसऱ्याच्या खळ्याकडे पाहून हळहळूं नये. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.

॥ सत्यमेव जयते ॥