डॅशबोर्डला गेलेला तडा

विरारच्या पूर्वेस, चंदनसारच्या रस्त्याने जाताना जुन्या मोटारींची एक रांग आपल्या दृष्टीस पडते. वसई विभागाचे परिवहन कार्यालय येथेच आहे. खाजगी मोटारीला पंधरा वर्षे झाली की तिची तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. माझ्या वडिलांनी 2010 साली घेतलेल्या मोटारीचीही ती वेळ आली. इंजिन ठणठणीत होते. मात्र डॅशबोर्डला काचेपासून खाली वीतभर तडा गेला होता. वडील म्हणाले, "आता भंगारात देऊन टाक." माझ्या मनाने काही ते घेतले नाही.

आता हा तडा जातो कसा? उन्हात उभ्या मोटारीत काचेतून ऊन शिरते आणि आतली उष्णता आतच कोंडते. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कडक उन्हात तासभर ठेवलेल्या मोटारींचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सियसपर्यंत तापलेले आढळले. प्लॅस्टिक दिवसा फुगते, रात्री आकसते. स्क्रूने जखडलेल्या जागी मात्र त्याला हलता येत नाही. ताण साचतो, आणि एके दिवशी 'कट्' होते. मऊ व्हिनाइलचे दुखणे निराळे. त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू उडून जाते. समोरच्या काचेवर आतून जो तेलकट थर बसतो, त्यात त्याचाही वाटा असतो.

मी पहिल्यांदा घाई केली. बाजारातला झटपट चिकटणारा गोंद भरला आणि स्वतःवरच खूष झालो. वैशाखात तडा पुन्हा उघडला, तोही पूर्वीपेक्षा लांब! असा गोंद वाळला की ठिसूळ होतो. प्लॅस्टिकबरोबर ताणला जात नाही.

दुसऱ्यांदा धीराने घेतले. आधी बॅटरीची तार सोडवली, मग डॅशबोर्डचा भाग काढून पालथा केला. पाठीमागे 'एबीएस' अशी अक्षरे कोरलेली दिसली. ती वाचणे महत्त्वाचे. कारण 'पीपी' असेल तर साधा गोंद त्याला धरतच नाही, उष्णतेने सांधावे लागते. तड्याच्या टोकाला दोनएक मिलिमीटरचे छिद्र पाडले. यामुळे टोकावरचा ताण विभागला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. पाठीमागून इपॉक्सीत भिजवलेले काचतंतूंचे कापड लावले. पुढून, एबीएसचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी पातळ थरांनी भरली. प्रत्येक थर वाळू दिला, मग काचकागदाने घासून रंग दिला. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास विडी-काडी नको. मऊ व्हिनाइलला मात्र ही लापशी चालत नाही. तिथे लवचीक भरणच हवे. आणि हे काम आपल्या पावसाळ्यात काढू नये. ओलसर पृष्ठभागावर काहीच धड बसत नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. ज्या मोटारीत समोरच्या प्रवाशासाठी एअरबॅग आहे, तिच्या झाकणावर किंवा त्याच्या कडेला गोंद, कापड, रंग काहीही लावू नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावे लागते. तिथला तडा अधिकृत कारागिराच्याच हाती द्यावा. आमची मोटार बिनएअरबॅगची, म्हणूनच मी हात घातला.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी दिवे, ब्रेक, भोंगा पाहिला. डॅशबोर्डकडे ढुंकूनही पाहिले नाही! मग एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. परतताना वडील शेजारी बसले होते. सांधलेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "रंग जरा फिका पडलाय." भंगाराचे नाव मात्र त्यांनी पुन्हा काढले नाही.