टाऊ : पेशीतलं एक प्रोटीन आणि आपलं विसरणं
(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या कट्ट्यावर गुडघे आणि शुगर यांच्यानंतर तिसरा विषय ठरलेला असतो : विसरणं. त्याच्याशी संबंधित एका प्रोटीनबद्दल आज बोलतो. मी डॉक्टर नाही, बँकेत आयुष्य गेलेला माणूस. वाचून जे समजलं ते सांगतो.

इमारतीला जसे कॉलम आणि बीम, तसा प्रत्येक पेशीच्या आत प्रोटीनचा सांगाडा असतो. मेंदूच्या पेशींचे धागे लांबच लांब. त्यांच्यातून बारीक नळ्या जातात आणि त्यांवरून पेशीतला माल इकडून तिकडे पोचतो. या नळ्यांना धरून ठेवायला मदत करणारं प्रोटीन म्हणजे टाऊ. ते १९७५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात सापडलं.

त्याच्या कितीतरी आधी, १९०६ साली, जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दिसलेल्या तंतूंच्या गुंत्याची माहिती दिली होती. तो गुंता टाऊचाच, हे कळायला १९८०चं दशक उजाडलं. नळी सोडून सुटलेलं टाऊ एकमेकांना चिकटतं, हे त्याचं मूळ.

अभ्यासासाठी हे टाऊ आणायचं कुठून? मेंदू काही मागून मिळत नाही. म्हणून माणसाचं टाऊ बनवणारं जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालतात आणि जीवाणू ते बनवून देतात. यालाच रिकॉम्बिनंट प्रोटीन म्हणतात. आपल्यापैकी अनेकांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे ना? तेही याच तंत्राचं, १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालेलं. टाऊची एक गंमत आहे. उकळल्यावर बहुतेक प्रोटीन अंड्यासारखी घट्ट होतात, टाऊ मात्र पाण्यात विरघळलेलंच राहतं. त्यामुळे ते वेगळं करणं सोपं जातं.

मग त्यात हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात तेच, घालून मुद्दाम गुंता तयार करायचा आणि एखादं औषध तो थांबवतं का ते पाहायचं. वर्षानुवर्षं अशाच चाचण्या झाल्या.

पण नमुना सही ताडून पाहिल्याशिवाय आम्ही चेक पास करत नसू. इथेही तेच झालं. २०१७ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतल्या टाऊच्या तंतूंची बारीक रचना पाहिली. २०१९ साली हेपॅरिनने बनवलेले तंतू तपासले, तर ते जुळेनात! पण शास्त्रज्ञांनी काम सोडलं नाही. टाऊचा फक्त एक तुकडा घेऊन, क्षारांचं प्रमाण बदलत, त्यांनी हुबेहूब तसे तंतू परीक्षानळीत बनवले. २०२२ साली ते काम प्रसिद्ध झालं. आता औषधं खऱ्यासारख्या गुंत्यावर तपासता येतील.

हे सगळं सांगायचं कारण एकच. अशा प्रोटीनच्या बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ‘अल्झायमरवर औषध सापडलं’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर आधी विचारा : परीक्षानळीत, उंदरात की माणसांत? परीक्षानळीतला निकाल म्हणजे अर्ज दाखल झाला एवढंच, कर्ज मंजूर झालेलं नाही. तेवढ्यावर कोणालाही पैसे पाठवू नका.

विसरणं वाढलं तर मात्र लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. बी १२ कमी पडल्याने किंवा थायरॉइडमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि तरुण मंडळींनो, एखादे आजोबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागले तर ‘मघाशीच सांगितलंत’ असं म्हणू नका. एखाद्या आजी चुकून दुसऱ्या मजल्यावर उतरल्या तर हात धरून घरी पोचवा. औषध येईल तेव्हा येईल, तोवर शेजार तर आपल्या हातात आहे!

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.