चाकांवरचें बिऱ्हाड



गंगाखेडास जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तिचें फिरतें घर करण्याचा खटाटोप मीं आरंभिला, तो हौसेखातर नव्हे. मातोश्रींना आतां पंढरीची वाट पायीं चालवत नाहीं, म्हणून.

बजाज टेंपो कंपनीनें (२००५ पासून फोर्स मोटर्स) ही गाडी १९८७ सालीं आणली. अंगानें ती दणकट. तिचा वैरी गंज. तो पायरीखालीं नि चाकांच्या कमानींत दडतो. मीं उतावीळपणें आधीं फळ्या ठोकल्या, तळ मागाहून पाहिला. सगळें उचकटावें लागलें! गंज खरवडणें, पत्रा जोडणें, रंग देणें आणि मग सुतारकाम, हाच क्रम खरा. बाक काढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची परवानगीही हवी; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम तसें सांगतें.

शेगडीवरून मात्र घरांत वाद झाला. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळला तर निजणाऱ्याच्या उशाशींच सांचावयाचा. शेवटीं मातोश्रीच म्हणाल्या, "चहा झाडाखालीं करूं. गाडींत निजायला जागा दे, पुरे."

आषाढी जवळ आली आहे. पायरीजवळचा कठडा तेवढा बसवावयाचा राहिला. त्याची उंची उद्यां त्यांना उभें करून मापावयाची आहे.