कार्डाची हुंडणावळ

आमच्या आळीच्या तोंडाशी तयार कपड्यांचं एक लहानसं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सारी आळी वहिनी म्हणते. मी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या, हे त्यांना ठाऊक. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी पिशवीत वही घालून त्या घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, जरा बघता का? पैसे कुठंतरी गळताहेत. कार्डाच्या मशीनवर जेवढी विक्री होते, तेवढे पैसे बँकेत येत नाहीत. रोज शे-दोनशे कमी. मशीनवर आमची कामाची मुलगी असते. घरचे म्हणतात, तिला काढून टाका."

श्रोतेहो, चोरी झालेली नव्हती. कमी आलेली रक्कम बँकेने आपला आकार म्हणून कापून घेतली होती. पण वहीत त्या आकाराला जागाच नव्हती. आणि वहीत ज्याला जागा नाही, त्याचा दोष माणसावर जातो.

हा आकार काही नवा नव्हे. पूर्वी पुण्याच्या सावकाराची हुंडी दुसऱ्या गावी वटवायची, तर हुंडणावळ पडे. पैसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिनधोक पोचवण्याची ती मजुरी. जुने कारकून कीर्द-खतावणीत हुंडणावळ आणि वटाव यांची खाती वेगळी ठेवीत. हजाराची हुंडी असली तर हजारच लिहीत. मजुरी निराळी दाखवीत. कार्डाचा आकार ही आजची हुंडणावळच. रीतही तीच लागू आहे.

आता जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. आकडे सोपे करून सांगतो. समजा, शनिवारी कार्डावर १५,००० रुपयांची विक्री झाली. त्यात क्रेडिट कार्डावर ६,००० आणि ४,००० अशी दोन मोठी बिले, १,५०० चे एक लहान बिल. एका डेबिट कार्डावर २,५००, आणि रुपे डेबिट कार्डावर १,०००.

क्रेडिट कार्डाचा दर बँक आणि दुकानदार यांच्या करारावर असतो. आपण तो शेकडा २ धरू. १०,००० वर झाले २०० रुपये आणि १,५०० वर ३०. डेबिट कार्डाला मात्र रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे. ज्याची आदल्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे, त्याच्याकडून मशीनवरच्या व्यवहाराला शेकडा ०.४० पेक्षा जास्त घेता येत नाही. त्याहून मोठ्या दुकानदाराला ही मर्यादा ०.९० आहे. म्हणजे वहिनींसारख्यांना २,५०० वर फार तर १० रुपये. रुपे डेबिट कार्डावर, तसेच बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआयवर, १ जानेवारी २०२० पासून हा आकार नाहीच. एकूण आकार झाला २४० रुपये.

त्यावर १८ टक्के जीएसटी. पण तोही सरसकट नव्हे बरं का! एका व्यवहाराची रक्कम २,००० पर्यंत असेल तर त्या आकारावर हा कर नाही. म्हणून १,५०० च्या बिलाचे ३० रुपये सोडून द्यायचे. उरलेल्या २१० वर कर ३७ रुपये ८० पैसे. सारे मिळून कापले गेले २७७ रुपये ८० पैसे, आणि बँकेत आले १४,७२२ रुपये २० पैसे.

वहिनी काय करीत? पासबुकात आलेली रक्कम पाहून तेवढीच विक्री लिहीत. वरवर पाहता यात काय चुकलं? नफा तर शेवटी तोच निघतो! पण विक्री झाली १५,००० ची. गिऱ्हाइकाच्या हाती बिल १५,००० चे. उलाढालीच्या ज्या मर्यादा कायद्यात आहेत, त्या पूर्ण विक्रीवर मोजल्या जातात. बँकेने हाती ठेवलेल्या रकमेवर नव्हे. जीएसटीची नोंदणी असेल, तर करही पूर्ण बिलावर द्यायचा असतो. शिवाय बँकेने वर्षभरात आपल्याकडून किती घेतले, हे अशा वहीतून कधीच कळत नाही.

तेव्हा नोंद अशी करावी. विक्री झाली त्या दिवशी 'कार्डाचे येणे' हे खाते १५,००० ने नावे, आणि विक्री खाते १५,००० ने जमा. पैसे बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी येतात. शनिवारची विक्री सोमवारी-मंगळवारी दिसते. ते आले की बँक खाते १४,७२२.२० ने नावे, 'कार्ड आकार' खाते २७७.८० ने नावे, आणि कार्डाचे येणे १५,००० ने जमा. येणे मिटले. नोंदणी असलेल्या दुकानदाराने ३७.८० निराळे काढून, बँकेचे कर-बीजक हाती असल्यास, त्याची वजावट सामान्यतः मागावी. नोंदणी नसलेल्याला, किंवा कंपोझिशन योजनेत असलेल्याला, ती मिळत नाही. त्याने सारी रक्कम खर्चात धरावी.

'कार्डाचे येणे' हे खाते म्हणजे घरातला उंबरठा समजा. पैसा दुकानातून निघाला, पण बँकेत पोचला नाही, तोवर तो तिथे उभा असतो. आठवड्याने पाहावे, उंबरठ्यावर कोणी उरले असेल, तर विचारपूस करावी. मशीनचे मासिक भाडे यात मिसळू नये, ते वेगळे लिहावे. माल परत आला, तर विक्री पूर्ण रकमेने परत दाखवावी. आकार परत मिळतो की नाही, ते करारात पाहून घ्यावे. आणि डेबिट कार्डाचा आकार गिऱ्हाइकाच्या बिलावर चढवू नये. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे तो दुकानदारानेच सोसायचा आहे.

वहिनींनी बँकेकडून मशीनची तीन महिन्यांची पत्रके आणली. आम्ही दोघे दोन संध्याकाळी बसलो. एकेक पावती, एकेक रक्कम. मुलगी चहा घेऊन आली, तेव्हा वहिनींनी तिलाही शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "तू आकडे वाच." तिचा आवाज आधी कापत होता, तासाभरात सरळ झाला. तिसऱ्या महिन्याची शेवटची पावती वाचून झाली, तेव्हा तूट आणि आकार यांचा ताळा पैशापैशाला जुळला.

एक गोष्ट मात्र सापडली, आणि ती त्या मुलीनेच दाखवली. डेबिट कार्डावर ०.४० ऐवजी ०.९० चा दर लागत होता. बँकेने वहिनींना मोठ्या दुकानदारांत घातले होते. उलाढालीचे कागद जोडून त्यांनी अर्ज दिला आहे.

रक्कम थोडी आहे, हे खरे. पण हिशेब रकमेसाठी असतो तसाच तो माणसांसाठीही असतो. आता त्या दुकानात कार्ड आकाराचं स्वतंत्र पान आहे. रोज संध्याकाळी मशीनची पावती त्या पानाला टाचली जाते. आणि ते पान लिहिते ती मुलगी.