वायफायच्या डबीचं कुलूप

बचत गटाचे पैसे आपण आता घरच्या वायफायवरूनही पाठवतो. ते वायफाय देणारी डबी, म्हणजे राउटर, हा छोटा संगणकच. तो चालवणारा प्रोग्राम कंपनीने आत भरलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्यात भगदाड राहिलं की चोर तिथून शिरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

२०१८ साली व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रामने किमान ५४ देशांत ५ लाखांवर राउटर आणि तशी यंत्रं पछाडली. अमेरिकेच्या एफबीआयने सांगितलं, राउटर बंद करून चालू करा. पण तेवढ्याने मूळ उपटत नव्हतं. राउटर कोरा करून नवं फर्मवेअर घालावं लागे.

म्हणून जोडणी देणाऱ्याला फोन लावूया. फर्मवेअर नवं आहे का? बाहेरून राउटर उघडायची सोय बंद आहे का? रिसेटचं बटण मात्र आपल्या मनाने दाबायचं नाही, जोडणीची माहितीच पुसली जाते. आणि हो, राउटरचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. पुष्कळ घरी तो 'अ‍ॅडमिन'च राहिलेला असतो! तो समोर बसून बदलून घ्यायचा, वहीत लिहायचा, डबीवर चिकटवायचा नाही. डबी जुनी असेल आणि कंपनी तिला सुधारणा देत नसेल, तर बदलावीच लागेल. खर्च कोणाचा, तेही त्याच फोनवर विचारून घेऊ.